माया : एक शब्द, किती अर्थ?



शब्दांचा अभ्यास म्हटला की शाळेतले समानार्थी शब्द आठवतात. पाण्याला जल, नीर, उदक, तोय म्हणतात, हे पाठ केले की गुण मिळायचे. आज आपण उलट्या दिशेने जाऊ या. शब्द एकच घेऊ आणि त्याचे अर्थ मोजू. हा शब्द इतका घरातला आहे की त्याच्याकडे निरखून पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. तो शब्द म्हणजे ‘माया’.

ही चार वाक्ये पाहा. आजीची धाकट्या नातवावर भारी माया आहे. त्या साहेबाने दहा वर्षांत बक्कळ माया जमवली. हे जग म्हणजे सगळी माया आहे. ब्लाउज घट्ट झाला तरी चिंता नको, आत बोटभर माया आहे. पहिल्या वाक्यात प्रेम, दुसऱ्यात पैसा, तिसऱ्यात भास आणि चौथ्यात शिवणीच्या आत दुमडून ठेवलेले कापड. ऐकणारा कुठेही अडखळत नाही. आजीने नातवाच्या नावाने पैसे साठवले असे कोणी समजत नाही, आणि साहेबाने लोकांवर प्रेम केले असे तर मुळीच नाही.

कोशकार अशा शब्दाखाली अर्थांना क्रमांक देऊन मोकळे होतात. मराठीचा पहिला मोठा कोश एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने, कॅप्टन मोल्सवर्थ यांनी १८३१ मध्ये सिद्ध केला. त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. पुढे दाते आणि कर्वे यांनी १९३२ पासून महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड काढले. या मंडळींनी केवढे कष्ट घेतले असतील! पण कोशात अर्थांना क्रमांक असतात, बोलण्यात ते नसतात. बोलणारा एका क्रमांकाचा अर्थ मनात धरून शब्द उच्चारतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनात तो दुसऱ्याच क्रमांकावर जाऊन पडतो. बहुतेक वेळा त्यातून विनोद होतो. कधी कधी मात्र मनाला लागते.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका घरी सांत्वनाला गेलो होतो. हाताशी आलेला मुलगा अपघातात गेला होता. घरात बायाबापड्यांची गर्दी. एक वडीलधारे गृहस्थ, मनाने अगदी चांगले, त्या आईला समजावत होते : “बाई, ही सगळी माया आहे. मायेत असं गुंतून राहू नये.” ती बराच वेळ ऐकत राहिली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, “माया हाये म्हणूनच तं रडून राह्यली ना, भाऊ.”

गृहस्थ गप्प झाले. दोघांनी एकच शब्द वापरला होता. त्यांनी तो पोथीतून घेतला होता, तिने आपल्या पोटातून. अशी वाक्ये आपण सांत्वनाला गेल्यावर सर्रास बोलतो. आपल्या ख्रिस्ती घरांतही बोलली जातात, कारण भाषा सर्वांची एकच आहे. म्हणून या शब्दाचा थोडा माग काढणे आवश्यक आहे. एका अर्थाने दुसऱ्या अर्थाला खोटे पाडण्याचा अधिकार त्या गृहस्थांना होता का, हा आमचा प्रश्न आहे.

सुरुवात फार जुन्या काळापासून करावी लागते. ऋग्वेदात ‘माया’ हा शब्द पुष्कळदा येतो, पण तिथे त्याचा अर्थ भास असा नाही. तिथे माया म्हणजे अद्‍भुत सामर्थ्य, करणी, घडवण्याची शक्ती. इंद्र आपल्या मायांनी अनेक रूपे घेतो. देवांकडे माया आहे तशी त्यांच्या शत्रूंकडेही आहे. म्हणजे ही शक्ती आपल्या ठायी चांगली किंवा वाईट नाही, ती कोणाच्या हाती आहे यावर सर्व अवलंबून. पाचव्या मंडलात वरुणाच्या मोठ्या मायेचे एक वर्णन आहे. अंतराळात उभे राहून, सूर्य हीच जणू मोजपट्टी, अशा रीतीने वरुणाने पृथ्वी मोजली, असा त्याचा आशय. हे मोजणे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ‘माया’ शब्दाच्या मुळाशी ‘मा’ म्हणजे मोजणे हा धातू आहे असे अभ्यासक सांगतात. माप, मात्रा, प्रमाण, परिमाण, निर्माण हे सारे शब्द त्याच धातूचे. मोजून, मापून काहीतरी घडवणे, असा हा जुना अर्थ.

पाठशाळांतून या शब्दाची एक चतुर फोडही सांगितली जाते. ‘या’ म्हणजे जी, ‘मा’ म्हणजे नाही. जी नाही ती माया. व्याकरणाच्या दृष्टीने या फोडीत दम नाही. पण पुढच्या काळात शब्दाचा अर्थ कोणत्या बाजूला कलला हे तिच्यावरून चांगले समजते.

तो कल शंकराचार्यांच्या नावाशी जोडला गेला आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अद्वैत वेदान्ताचा तास आला की दोरी आणि साप हा दृष्टान्त हमखास यायचा. अंधारात दोरी पडलेली आहे, माणसाला ती साप वाटते, तो घाबरतो. दिवा आणला की साप नाहीसा होतो आणि दोरी उरते. (आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात पावसाळ्यात हा दृष्टान्त जपून वापरावा. इथे अंधारात दोरीच मण्यार निघण्याचा संभव अधिक. दिवा दोन्ही पक्षी आणावाच.) यावरून लोकांनी सरळ हिशेब केला : जग म्हणजे तो साप, म्हणजे जग खोटे, म्हणजे नातीगोती खोटी.

पण वेदान्ताचा हिशेब इतका सरळ नाही. अद्वैतात सत्तेच्या तीन पायऱ्या मानतात. दोरीवर दिसलेला साप प्रातिभासिक, म्हणजे केवळ भासापुरता. आपले रोजचे जग व्यावहारिक. तिथे भूक खरी, भाकर खरी, कर्ज खरे, शब्द दिला तर तो पाळणे खरे. त्याच्या पलीकडे पारमार्थिक सत्य. शिवाय मायेविषयी अद्वैताचा शब्द ‘असत्’ असा नाही, ‘अनिर्वचनीय’ असा आहे. ती आहे असेही म्हणता येत नाही, नाही असेही म्हणता येत नाही. सांत्वनाला बसलेला माणूस जेव्हा ‘सगळी माया आहे’ म्हणतो, तेव्हा तो पहिली पायरी आणि दुसरी पायरी एकत्र करून टाकतो. त्या आईचा मुलगा दोरीवरचा साप नव्हता. ज्या पायरीवर ती उभी होती तिथे तो तितकाच खरा होता जितके ते गृहस्थ आणि त्यांचा उपदेश.

आणि हा वाद एकट्या शंकराचार्यांवर संपलेला नाही. रामानुजाचार्यांनी मायावादावर सात आक्षेप घेतले. त्यांच्या मते माया म्हणजे ईश्वराची विलक्षण सृष्टी घडवणारी खरी शक्ती. ही भूमिका वेदांतल्या जुन्या अर्थाच्या जवळ जाते. आपल्या मराठीचे ज्ञानेश्वर तर याहून वेगळ्या वाटेने गेले. ‘अमृतानुभव’ या ग्रंथात त्यांनी एक मोठे प्रकरण अज्ञानाच्या खंडनासाठी दिले आहे. जग अज्ञानातून उभे राहिलेला भास आहे ही मांडणी ते तपासतात आणि नाकारतात. जग म्हणजे चैतन्याचाच विलास, अशी त्यांची दृष्टी. अभ्यासक तिला चिद्विलास म्हणतात. ज्या मराठी माणसाला महाराष्ट्राने ‘माउली’ म्हटले, त्याने जगाला खोटे म्हणायला नकार दिला, ही गोष्ट आम्हाला अर्थपूर्ण वाटते. माउलीला लेकरांचे जग खोटे कसे म्हणवेल?

इथे आपल्याच घरातल्या एका विचारवंताची आठवण केली पाहिजे, कारण बहुतेकांना त्यांचे नावही ठाऊक नसते. ब्रह्मबांधव उपाध्याय, मूळ नाव भवानीचरण बंदोपाध्याय. जन्म बंगालमध्ये, १८६१ साली. १८९१ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि ते कॅथोलिक झाले. भगवी वस्त्रे घालून संन्याशासारखे राहिले. १८९९ मध्ये जबलपूरला, नर्मदेकाठी, त्यांनी एक मठ सुरू करून पाहिला. तो फार टिकला नाही. देशाच्या स्वातंत्र्यासाठी लिहिता लिहिता राजद्रोहाचा खटला अंगावर घेऊन १९०७ मध्ये ते वारले. त्यांचे म्हणणे असे : परमेश्वर स्वतःच्या बळावर आहे, सृष्टी मात्र उसन्या अस्तित्वावर आहे, देणाऱ्याने हात काढून घेतला तर ती क्षणभर टिकणार नाही. संत थॉमस अक्वायनस सृष्टीविषयी जे सांगतात तेच वेदान्ती ‘माया’ या शब्दाने सांगू पाहतात, असे त्यांचे मत. उसने म्हणजे खोटे नव्हे, हा यातला मुद्दा आहे. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली तरी चहा गोडच होतो. ब्रह्मबांधवांचे हे समीकरण सर्वांना पटले नाही, आणि शंकराचार्यांना ते पटले असते का याची आम्हालाही शंका आहे. पण परक्या वाटणाऱ्या शब्दाला घाबरून पळण्याऐवजी त्याला घरात बसवून बोलते करण्याचे धैर्य या माणसात होते.

तत्त्वज्ञानाच्या वर्गातून आता बाहेर पडू. पैशाच्या अर्थाकडे फार वेळ घालवण्याचे कारण नाही, तरी एक गंमत सांगण्यासारखी आहे. मराठीत ‘माया जमवली’ हे चांगल्या अर्थाने क्वचितच म्हणतात. पेपर मिलमधल्या किंवा कोळशाच्या खाणीतल्या कामगाराने तीस वर्षे राबून मिळवलेल्या प्रॉव्हिडंट फंडाला कोणी माया म्हणत नाही. ती पुंजी. माया म्हटले की वास येतो : कुठून आली, कशी आली? वर्तमानपत्रात लाचखोराच्या घरावर छापा पडला की तिथे हमखास माया सापडते. आपल्या गावात हिंदी बोलणारे लोक दुविधेत सापडलेल्याला ‘माया मिली न राम’ म्हणतात, तिथेही माया म्हणजे हा पैसाच, हे ऐहिक वैभव. आज आहे, उद्या नाही, म्हणून भासाचे नाव पैशाला चिकटले असावे. प्रेम आणि किंमत यांना एकाच शब्दात बसवणारी मराठी एकटी नाही. इंग्रजीत ‘डिअर’ हा अतिशय जुना शब्द आहे. पत्राच्या आरंभी त्याचा अर्थ प्रिय, आणि बाजारात महाग. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे प्रिय आणि महागही. त्यावरूनच ‘कारितास’ हा प्रेमाचा, परोपकाराचा शब्द आला. जे जिवाला प्रिय त्याची किंमत मोठी, असे कोणत्याही भाषेतल्या माणसाला वाटणारच.

आता त्या आईच्या अर्थाकडे वळू. आपल्या विदर्भात आईला ‘माय’ म्हणतात. ठेच लागली की तोंडून ‘अवं माय’ निघते. माय हा शब्द संस्कृत ‘मातृ’ पासून प्राकृतातून आला. माहेर म्हणजे आईचे घर, मावशी म्हणजे आईची बहीण. हे दोन्ही शब्द त्याच वंशातले. म्हणजे व्युत्पत्तीने पाहिले तर ‘माय’ आणि ‘माया’ या सख्ख्या बहिणी नाहीत. पण शेकडो वर्षे एकाच अंगणात राहिल्यावर शेजारणीही बहिणीसारख्या दिसू लागतात. मराठी कानाला माया म्हणजे जे मायेजवळ असते ते, असेच ऐकू येते. म्हणून ‘माय मरो, मावशी जगो’ ही म्हण निर्माण झाली : आई गेली तरी तिची माया मावशीच्या हाताने चालू राहते.

या अर्थाभोवती भाषेने काय काय गोळा केले आहे पाहा. माया लावतात, माया करतात, माया तुटते. माया आटते, दुधासारखी. माया पातळ होते, ताकासारखी. म्हाताऱ्या आईबापांना सोडून मुले पुण्याला, हैदराबादला, आखातात गेली, फोन आठवड्याचे महिन्यावर आले, की शेजारी म्हणतात, ‘माया पातळ झाली.’ आंधळी माया असते, वेडी माया असते. मऊ, मांसल पानांची भजीची एक वेल आहे, तिलाही आपण ‘मायाळू’ म्हणतो. आणि मुलींची नावे! माया हे नाव आपल्याकडे किती घरांत आहे. सिद्धार्थ गौतमाच्या आईचे नाव महामाया. बाबासाहेब आंबेडकरांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्या चंद्रपुरात धम्मदीक्षेचा सोहळा केला. त्या परंपरेतल्या घरांत हे नाव आदराने घेतले जाते. आपल्या मुलीचे नाव कोणी ‘भ्रांती’ ठेवत नाही. म्हणजे लोकांनी आपल्यापुरता निर्णय केव्हाच घेऊन टाकला आहे की हा शब्द आधी कोणाचा.

बायबलच्या अनुवादकांना मात्र असा निर्णय घेणे सोपे नव्हते. देव आणि प्रेम यांचे एकत्व संत योहान आपल्या पहिल्या पत्रात सांगतो. तिथे मराठीत ‘प्रीती’ हा शब्द आला. समजा, त्या जागी ‘माया’ घातला असता, तर अर्ध्या वाचकांनी काय वाचले असते? देव हा भास आहे! ‘देवाची माया’ म्हटले तरी तीच अडचण. एकाच्या कानाला ती देवाची ममता, दुसऱ्याच्या कानाला देवाने टाकलेले जाळे. त्यामुळे येशूला लोकसमुदाय पाहून जे वाटले त्यासाठी मराठी बायबलात ‘कळवळा’ हा सुंदर शब्द भेटतो. मूळ ग्रीक क्रियापद आतड्यांवरून आले आहे. चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत, रस्त्याकडेला पडलेल्या माणसाला पाहून त्या परक्याला जे झाले तिथे तेच क्रियापद आहे. आपण मराठीत आतडे तुटते म्हणतो, पोटात कालवते म्हणतो. ग्रीक माणूस आणि झाडीपट्टीतली म्हातारी यांनी प्रेमाची जागा पोटातच शोधावी, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. भूक आणि बाळ दोन्ही तिथेच असतात.

हिब्रूत हे अधिकच उघड आहे. ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय, आणि त्याच धातूचा ‘रहमीम’ म्हणजे करुणा. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८० साली दैवी करुणेवर जे परिपत्र काढले त्यात या शब्दाच्या मातृत्वाचा मुद्दाम उल्लेख केला आहे. अरबी ‘रहमान’ आणि ‘रहीम’ याच धातूचे, आणि तिथून आपल्या बोलण्यात आलेला ‘रहम’ही. आपल्या चांदा धर्मप्रांताच्या उपासनेची मुळे ज्या सिरियाक भाषेत आहेत, तिच्यातला करुणेचा शब्द ‘रह्मे’ हाही याच कुटुंबातला. मराठीत ‘माय’ आणि ‘माया’ शेजारणी होत्या. या भाषांत त्या खरोखरच्या मायलेकी आहेत.

याच शब्दाचा एक प्रसंग राजांच्या पहिल्या ग्रंथात, तिसऱ्या अध्यायात आहे. शलमोन राजापुढे दोन बाया एक जिवंत मूल घेऊन भांडत येतात. राजा तलवार मागवतो आणि मुलाचे दोन भाग करायला सांगतो. तेव्हा खऱ्या आईच्या पोटात जे पेटून उठते त्याला हिब्रू लेखक ‘रहमीम’ म्हणतो. आणि त्या क्षणी ती काय करते? मूल दुसरीला देऊन टाका म्हणते. वेदान्ताचा उपदेश करणारे आपल्याला सांगतात की माया म्हणजे धरून ठेवणे, म्हणून ती तोडा. इथे मात्र जिला माया नाही ती अर्धे मूल घ्यायला तयार आहे, आणि जिला माया आहे ती हात सोडते. त्या गृहस्थांचा उपदेश आम्हाला पटत नाही, त्याचे मुख्य कारण हेच. गुंतणे वेगळे आणि माया वेगळी, हा भेद भाषा करते. उपदेशाच्या घाईत आपण तो पुसतो. गुंतणारा म्हणतो, माझे मूल. माया असलेली म्हणते, मूल जगू दे. मुलगा गेल्यावर रडणारी आई त्याला धरून ठेवत नसते. तो गेला आहे हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

राहता राहिला शिंप्याचा अर्थ. कोशात याला शेवटची जागा मिळते, तत्त्वज्ञानाच्या वर्गात तर कसलीच नाही. आमच्या मते हा अर्थ सर्वांत अधिक लक्ष देण्याजोगा आहे.

शिंपी टेप लावून माप घेतो. कापडावर खडूने रेघ ओढतो. ही रेघ म्हणजे अंगाचे आजचे माप. पण कात्री तो रेघेवरून चालवत नाही. रेघेच्या बाहेर बोटभर, कधी दोन बोटे कापड ठेवून कापतो. ते बाहेरचे कापड शिवणीच्या आत जाते. त्याला म्हणतात माया. वरून पाहणाऱ्याला ती दिसत नाही. शर्ट कितीही नीट पाहा, माया दिसायची नाही. ती पाहायची तर कपडा उलटा करावा लागतो. वरुणाची मोजपट्टी आठवते ना? मोजणाऱ्याच्या हातून सुरू झालेला शब्द हजारो वर्षे फिरून पुन्हा मोजणाऱ्याच्या दुकानात आला. फरक एवढाच की शिंप्याची माया मापाच्या बाहेर असते. माप आजच्या अंगाचे, माया उद्याच्या अंगाची.

घरी शिवण करणाऱ्या भगिनींना हे सांगायला नको. माया ठेवली नाही तर शिवण पहिल्या ताणालाच उसवते, कारण धाग्याला धरायला कापडच उरत नाही. फार ठेवली तर शिवण आतून फुगते, कपडा अंगावर नीट बसत नाही. गळ्याच्या वळणावर तर मायेला कात्रीने बारीक बारीक काप द्यावे लागतात. न दिले तर गळा ओढला जातो आणि वळण बिघडते. म्हणजे मायेलाही कात्री लागते, पण ती कुठे, किती आणि कोणाच्या हाताने, याला महत्त्व आहे. शिवण तोडून टाकायची नसते.

मुलीच्या शाळेच्या गणवेशाला खाली दुमडून चांगली चार बोटे माया ठेवलेली असते. दुसऱ्या वर्षी ती उंच होते. आई तुरपाई उसवते, दुमड खाली सोडते, इस्त्री फिरवते. तिथे दोन गोष्टी दिसतात. जुन्या दुमडीची रेघ किती इस्त्री केली तरी पुसत नाही. आणि आत राहिलेल्या पट्टीचा रंग वरच्या कापडापेक्षा गडद असतो, कारण ऊन आणि साबण तिथवर पोहोचलेच नव्हते. वर्षभर वापरून विटलेल्या कपड्याच्या खाली बोटभर पट्टी दुकानातून आणली तेव्हाच्या रंगाची. वर्गात काही मुली त्या पट्टीला हसतात. त्यांच्या आयांनी हसू नये.

आता रेडिमेडचा काळ आहे. कारखान्यात एका वेळी शेकडो थर कापले जातात. बोटभर कापड वाचले तर हजारो नगांत केवढी बचत! म्हणून त्या कपड्यात ओव्हरलॉकच्या टाक्यापुरतेच कापड असते, माया जवळजवळ नसतेच. मूल वाढले की कपडा टाकून दुसरा घ्यायचा. आम्ही रेडिमेडच्या विरोधात नाही, ते स्वस्त पडतात आणि आमच्याही अंगावर असतात. पण त्यामुळे हा अर्थ नव्या पिढीच्या बोलण्यातून हळूहळू चालला आहे हे खरे. परवा एका कॉलेजच्या मुलीला ‘मायेतून जरा सोडून घे’ असे कोणी सांगितले, तर ती कसलातरी आध्यात्मिक उपदेश समजली. तिच्या सलवारीविषयी बोलणे चालले होते.

जाता जाता शेजाऱ्यांकडे एक नजर टाकू. आपले बल्लारपूर म्हणजे नागपूरहून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांचे नाके. इथे चार भाषा एकाच फलाटावर उभ्या असतात. आपल्या तेलुगू भाषिक कुटुंबांत ‘माय’ म्हणजे जादू, फसवणूक, आणि एखादी वस्तू ‘मायम’ झाली म्हणजे ती दिसेनाशी झाली. १९५७ सालचा ‘मायाबजार’ हा चित्रपट त्यांच्या म्हाताऱ्यांनाच नव्हे, नातवंडांनाही ठाऊक असतो. नावातली माया घटोत्कचाच्या जादूची. आपल्याकडेही प्रभात कंपनीने १९३२ मध्ये ‘माया मच्छिंद्र’ काढला होता, तिथेही माया म्हणजे भूल. उलट, फाळणीनंतर पूर्व बंगालमधून येऊन गडचिरोलीच्या मुलचेरा-चामोर्शी भागात वसलेल्या बंगाली कुटुंबांत जा. तिथे माया म्हणजे दया, जीव लागणे. नेपाळी माणसाला विचारा, त्याच्या भाषेत प्रेमाला माया हाच रोजचा शब्द आहे. नवरा बायकोला तोच शब्द वापरतो. एकाच संस्कृत शब्दाला कोणी जादूगाराच्या हाती दिले, कोणी आईच्या. मराठीने दोघांच्याही हाती दिले, आणि वर शिंप्यालाही बोलावले.

तेव्हा तेलुगू, बंगाली किंवा हिंदी घरांतून आलेल्या आपल्या मंडळींपैकी कोणाला आजीच्या तोंडून या शब्दाचा आणखी काही वापर ऐकलेला आठवत असेल, तर रविवारी मिस्सा संपल्यावर अवश्य सांगावा, किंवा चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकावा. शब्द कोणत्या वाक्यात ऐकला तेही लिहावे. नुसता अर्थ लिहिला तर उपयोग थोडा.